उन्हाची पुडी

पाचगणीला जाणे झाले की डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली तेथे उभारलेले बेल-एअर आरोग्यधाम आम्हांला आठवते. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती, सकस आहार आणि ऊन हाच उपचार. सांगली-मिरजेदरम्यान वॉन्लेसवाडीतही क्षयरोग्यांसाठी असेच आरोग्यधाम होते. ऊन म्हणजे आरोग्य, हे समीकरण सातारा-सांगलीकडील आम्हां मंडळींच्या मनात खोलवर रुजले आहे.

म्हणूनच काही वर्षांपूर्वी आमच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघाले तेव्हा नवल वाटले. डॉक्टर हसून म्हणाले, “फादर, ऊन अंगणात आहे, तुम्ही कार्यालयात!” आठवड्याला एक, अशा ६०,००० युनिटच्या पुड्या त्यांनी दिल्या. पायांचे दुखणे ओसरले आणि आम्ही त्या पुडीचे प्रचारकच बनलो. हे जीवनसत्त्व कमी असलेल्यांच्या शरीरात दाह अधिक असतो, हृदयविकारही अधिक आढळतो, असे वाचनात आले होते. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात भेटेल त्याला आम्ही ते सांगू लागलो.

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांनी ते फारच मनावर घेतले. “फादर, आता तुमच्या पुडीवरच भरवसा,” असे ते म्हणाले, ते आम्ही हसण्यावारी नेले. त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली आहे, हे आम्हांला कळले ते मिरजेच्या इस्पितळात, त्यांच्या खाटेशेजारी. छातीत कळ येऊन त्यांना मध्यरात्री तेथे आणले होते. त्यांची पत्नी एवढेच म्हणाली, “फादर, तुम्ही सांगितलंत म्हणून…”

प्रभुकृपेने व डॉक्टरांच्या प्रयत्नांनी ते वाचले. मात्र त्या अर्ध्या वाक्याने आम्हांला पुन्हा अभ्यासाला बसवले.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. आजारी मनुष्य घराबाहेर कमी पडतो; त्याला ऊन कमी मिळते. स्थूल व्यक्तीच्या रक्तातही हे जीवनसत्त्व कमी आढळते. म्हणजे ही कमतरता पुष्कळदा आजाराची सावली असते, मूळ नव्हे. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत निम्म्यांना रोज २,००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व देण्यात आले. सुमारे पाच वर्षांनंतर, २०१८ साली निष्कर्ष आला: हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वा हृदयविकाराने होणारे मृत्यू त्याने घटले नाहीत. रक्तातील दाहाची एक खूण दोन वर्षांनी काहीशी उतरलेली दिसली. चौथ्या वर्षी तो फरक उरला नाही.

याचा अर्थ पुडी निरुपयोगी असा नव्हे. हाडांना कॅल्शियम मिळण्यासाठी हे जीवनसत्त्व हवेच आणि कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. परंतु मनाने घेतलेल्या जादा मात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आणि रक्तदाबाच्या गोळीची जागा ती पुडी कधीही घेऊ शकत नाही.

वाचकहो, झग्यातल्या माणसाच्या शब्दाला आपल्या घरांत वजन असते. प्रवचनपीठावरून उतरल्यानंतर सहज बोललेला शब्दही कोणी औषधासारखा घेतो, हे आम्ही विसरलो होतो.

ते गृहस्थ आता सकाळी चर्चच्या पायरीवर ऊन खात बसतात. आम्हीही घटकाभर शेजारी टेकतो. “जय ख्रिस्त” झाले की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “गोळी घेतलीत?”