पार्टिशन पाडण्याआधी

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि हिशेबाचं एखादं जुनं सॉफ्टवेअर विंडोज सोडूही देत नाही. मग ‘विंडोज राहू दे, शेजारी लिनक्स टाकून दे’ अशी मागणी होते. टाकणं फार अवघड नाही. कटकटी नंतर सुरू होतात. त्या वाटून दिलेल्या जागेवरून क्वचितच होतात. दोघांत सामाईक राहिलेल्या गोष्टींवरून होतात.

मुळात पार्टिशन पाडताना डिस्कला कुठेही चीर जात नाही. अमुक सेक्टरपासून तमुक सेक्टरपर्यंतचा भाग एकाचा, पुढचा दुसऱ्याचा, असा छोटासा तक्ता डिस्कवर लिहिला जातो, इतकंच. सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून शेत जागचं हलत नाही. म्हणूनच चुकून डिलीट झालेल्या पार्टिशनवर नवं काही लिहिलं नसेल, तर टेस्टडिस्कसारखं साधन बऱ्याचदा जुन्या सीमा शोधून तक्ता पुन्हा उभा करतं.

पीसीवर हा तक्ता १९८३ मध्ये आला. आयबीएमने १० एमबी हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी काढला आणि त्याच्याबरोबर डॉस २.० आलं. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट बूट कोडसाठी, ६४ तक्त्यासाठी, उरलेले २ खुणेसाठी. एका नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून नोंदी चारच. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत बसवलेला, म्हणून ही पद्धत २ टीबीच्या पुढे तोकडी पडली. शिवाय बूट कोडची जागा एकच. लिनक्सनंतर विंडोज टाकलं की ते तिथे स्वतःचा कोड लिहून मोकळं व्हायचं आणि लिनक्सचा मेनू गायब. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम तिथून पडला.

आताच्या जीपीटी पद्धतीत सहसा १२८ नोंदी मावतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. बूटलोडरसाठी वेगळं छोटं पार्टिशन असतं. त्यात मायक्रोसॉफ्टचा फोल्डर वेगळा, उबुंटूचा वेगळा. इन्स्टॉल करताना हेच पार्टिशन ‘रिकामं दिसतंय’ म्हणून फॉरमॅट केलं, तर विंडोजच्या सगळ्या फाइल शाबूत असूनही विंडोज सुरू होत नाही.

भारतातली हमखास तक्रार घड्याळाची. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की सकाळी ११ वाजता पडद्यावर ५:३० दिसतात. मदरबोर्डवरचं घड्याळ एकच. लिनक्स त्यात यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. लंडनमध्ये हिवाळ्यात हा घोळ कुणाच्या लक्षातही येत नाही. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एका ओळीची कमांड दिली की विषय संपतो.

दुसरी तक्रार ‘फास्ट स्टार्टअप’ची. विंडोज ८ पासून शट डाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. कर्नलची स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं. अशा वेळी बाहेरून सी ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइल सिस्टिम बिघडू शकते, म्हणून लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचू देतं. वापरणारा बिचारा परवानग्या तपासत बसतो.

अनुभवी माणसंही सुटत नाहीत. खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याच्या हातून १९९१ मध्ये मोडेमऐवजी हार्ड डिस्कलाच डायलिंगचे आदेश गेले आणि त्याचं मिनिक्स या दुसऱ्या सिस्टिमचं पार्टिशन उडालं. मग मिनिक्स पुन्हा टाकण्याऐवजी त्याने स्वतःचं लिनक्सच पुरं करत नेलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये तर कुणी काही न करताच बिघाड झाला. मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटने जुने, असुरक्षित बूटलोडर अडवले. दोन सिस्टिम असलेल्या संगणकांना ते लागू व्हायचं नव्हतं. पण काही ठिकाणी दुसरी सिस्टिम ओळखलीच गेली नाही आणि लिनक्स सुरू होईना. पक्की दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये आली.

तेव्हा लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची सोय असेल, तर लिनक्स त्यावर टाकावं आणि त्याचं बूट पार्टिशनही तिथेच ठेवावं. एका डिस्कची वाटणी हा दुसरा पर्याय. ती करायचीच असेल तर आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यावा, विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शनची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवावी आणि फास्ट स्टार्टअप बंद करावं. सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आक्रसावा. भरपूर मोकळी जागा असूनही ते थोडीच सोडत असेल, तर मधे पेज फाइल किंवा हायबरनेशन फाइल बसलेली असण्याची शक्यता मोठी. त्या तात्पुरत्या बंद करून पुन्हा प्रयत्न करावा.