एक जूनची मंडळी

आमच्या दिघाशीत पन्नाशी ओलांडलेल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनला येतो. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला घेऊन यायचा, गुरुजी पोराकडे बघून साल ठरवायचे. माझं 1965 ठरलं. आई म्हणते, "गौरी आल्या तेव्हा तू झालास, गौरी गेल्या नि लढाई लागली." म्हणजे भाद्रपद, सप्टेंबरचा पहिला आठवडा. सरकारी नियमानं एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे 31 मे 2023 ला मास्तरकीतून हार घालून घरी आलो. गुरुजींच्या अंदाजापायी चार महिन्यांचा पगार गेला. पण ते वारले तेव्हा सगळ्यांत जास्त मीच रडलो होतो.

*

2012 च्या सुमारास आधारवाले गावात आले. आईकडे दाखला नव्हता, म्हणून वय तोंडी विचारलं. सत्तरीची आई ठसक्यात म्हणाली, "लिही साठ." कार्डावर आलं 1 जानेवारी 1952. म्हणजे मी झालो तेव्हा ती तेरा वर्षांची, आणि माझी थोरली बहीण झाली तेव्हा दहा! हे सांगितल्यावर म्हणाली, "मग? मना साठचंच वाटत होतं."

ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली. कागदावर आई तेव्हा सत्तरचीच. अंबाडीहून भिवंडीला जाताना तिच्या बरोबरीच्या बायका फुकट आणि ही अर्ध्या तिकिटात. दुरुस्ती करून घेऊ म्हटलं, तर नको म्हणते. "2027 च्या जानेवारीपर्यंत दहा-वीस रुपये देईन, पण म्हातारी म्हणून लिहून घेणार नाही."

*

रुबिन आणि बर्न्टसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी डेन्मार्कमधल्या लोकांना विचारलं, तुम्हाला आतून किती वर्षांचं वाटतं? 2006 साली निष्कर्ष छापला: चाळिशीपुढची माणसं स्वतःला साधारण वीस टक्क्यांनी लहान समजतात. हिशेब केला. माझे साठ, म्हणजे आतून अठ्ठेचाळीस. बरोबर वाटतं. आईनं सत्तरचे साठ केले, म्हणजे सूट चौदा टक्केच. डेन्मार्कवाल्यांपेक्षा बाई प्रामाणिक निघाली.

*

नेदरलँड्समध्ये एमिल राटेलबांड नावाच्या 69 वर्षांच्या गृहस्थानं कोर्टात अर्ज केला होता, की माझं वय वीस वर्षांनी कमी करून द्या. डिसेंबर 2018 मध्ये कोर्टानं नकार दिला. बिचारा चुकीच्या देशात जन्मला. शाळेत नाव घालायला आमच्या गुरुजींकडे यायला हवा होता.

*

भावकीत माझा एक चुलता आहे, माझ्याहून बावीस वर्षांनी लहान. नात्यानं काका, म्हणून मी त्याला अहो-जाहो करतो. तो मला "बाळ्या" म्हणतो. त्याच्या तोंडी माझा बाप बोलतो असं वाटतं. सगळं गाव मला गुरुजी म्हणतं, पोरं वाटेत चप्पल काढून उभी राहतात. आणि हा अडतीस वर्षांचा माणूस चारचौघांत ओरडतो, "बाळ्या, पंगत वाढायला घे!" मी उठतो. तेवढा वेळ मी नक्की दहा वर्षांचा असतो.

तसं बघितलं तर ज्ञानेश्वर एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाले आणि पणजोबा झालेली माणसं त्यांना माउली म्हणतात. त्यांची बहीण मुक्ताबाई त्यांच्याहून धाकटी, आणि तिचा शिष्य चांगदेव, म्हणे चौदाशे वर्षांचा! नात्यानं वय ठरवायची ही खोड आपल्याकडे जुनीच आहे.

*

निवृत्तीनंतर भातलावणीला उतरलो. हातांना आठवत होतं: मूठ डाव्या हातात, अंगठ्यानं दोन-चार काड्या सोडवायच्या, चिखलात खोचायच्या, मागे सरकायचं. पहिल्या दोन ओळी हात पंचविशीचे होते. तिसरीला कमरेनं आपलं साल सांगितलं. बांधावर बसलेली आई म्हणाली, "दाट लावतोस. दिवसभर फळ्यावर लिहून बोटं आखूड झाली तुझी."

*

गुडघ्यांसाठी आईला अकलोलीच्या गरम कुंडांवर नेतो. थंडीत तानसेच्या काठी सकाळी वाफ तरंगत असते आणि आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या पाय सोडून बसलेल्या असतात. गेल्या खेपेला एक बाई पार वाकून, काठी टेकत पायरी उतरत होती. आई कुजबुजली, "किती थकलीय बिचारी. कुणाची म्हातारी?"

बाईनं मान वर केली, डोळे बारीक केले आणि आईला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. दोघी एकाच आळीतल्या, एकाच वर्षी लग्न होऊन गेलेल्या. बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. मग ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "हा कोण गं, तुझा दीर?"

आईनं पदर सारखा केला आणि पुढची पायरी उतरताना माझा हात सोडून दिला.