नाव घातलेली भांडी

आमच्या घरातली भांडी वाचता येतात. डब्याच्या गळ्याशी, पातेल्याच्या काठाखाली, ताटाच्या पाठीवर बारीक ठिपक्यांनी काढलेली अक्षरं. 'आत्याकडून सप्रेम', 'मुंजीनिमित्त', 'वास्तुशांत १९८८'. कुठे दुकानदाराच्या घाईत वेलांटी उलटी पडलेली, कुठे जागा संपली म्हणून 'सप्रेम भे' वरच गाडी थांबलेली. मी अक्षरं ओळखायला लागले ती बालभारतीच्या आधी जेवणाच्या ताटावर, असं आई अजूनही सांगते.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी भांडी असतील. लग्नात आहेर द्यायचा तर देणाऱ्याचं नाव हवं, नाहीतर कोणी काय दिलं ते कळणार कसं? भांड्यावर नाव घालण्यामागे थोडी हौस असते, थोडा हिशेब असतो. आमच्या आजीचं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते मला बरंच उशिरा कळलं.

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्याला पेलवलं नाही, आणि बघता बघता लकडी पूल पाण्याखाली गेला. आजी-आजोबांचं बिऱ्हाड तेव्हा शनिवार पेठेत, वाड्यातल्या दोन खोल्यांत. बाबा नऊ वर्षांचे, आत्या सहाची, काका कडेवर. अंगावरच्या कपड्यांनिशी सगळे पर्वतीकडे पळाले.

पाणी ओसरल्यावर परत आले, तर वाड्याची एक भिंत उभी आणि गल्लीत गुडघाभर गाळ. आजी सांगायची, त्या गाळातून दिवसभर पितळी भांडी निघत होती. पातेली, पराती, तपेल्या, तांबे. पण कुठलं कुणाचं, हे सांगायचं कसं? सगळ्यांची पातेली सारखीच. एका परातीवरून दोन बायकांची जुंपली, आणि मग भांडता भांडता दोघीही रडायला लागल्या. आमच्या घरातलं एकच भांडं परत आलं, तांब्याचा हंडा. तो तीन वाडे सोडून सापडला होता. आजीच्या वडिलांनी लग्नात दिलेला, तांबट आळीत घडवलेला, अंगभर मठाराचे ठोके असलेला. गळ्यावर छिन्नीने आजोबांचं आडनाव घातलेलं होतं, म्हणून कुणीतरी तो उचलून आणून दिला.

त्यानंतर आजीने नाव घातल्याशिवाय एकही भांडं घरात घेतलं नाही. आधी निसेन हटचं अर्धगोल पत्र्याचं घर, मग गोखलेनगर. पैशाची ओढाताण होती, पण चार वाट्या घेतल्या तरी चारींवर नाव. पुढे स्टीलचे दिवस आले. पितळेला कल्हई लावावी लागे, नाहीतर आमटी-ताक कळकायचं. कल्हईवाला भाता मारून भांडं तापवायचा, नवसागर टाकून कथील फिरवायचा, आणि आत चांदीसारखी चकाकी यायची. स्टीलने ती सगळी कटकट मिटवली. बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा देऊन जायची, तर आजी तो डबा पिशवीत घालून दुकानात न्यायची आणि पदरचे पैसे देऊन नाव घालून आणायची. आजोबा हसायचे. "अगं, हा काय आहेर आहे?" त्यावर ती म्हणायची, "आहेर नाही, पत्ता आहे."

घर वाढत गेलं तसे पत्तेही वाढले. आईच्या लग्नातलं १९७७ चं जेवणाचं ताट. दादाच्या बारशाची वाटी, माझ्या बारशाची वाटी. काकांना नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून त्यांनी आजीला आणलेला पितळी पेढेघाटी डबा, त्यावर फक्त 'आईस'. १९८८ साली बाबांनी कोथरूडला फ्लॅट घेतला, तेव्हा टेम्पोत सगळ्यात आधी हंडा चढला. आजीने तो स्वतः धरून ठेवला होता. बाकी सामानाचं काहीही होवो!

आता तीच कोथरूडची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. मे २०२४ मध्ये फ्लॅट रिकामा करून द्यायचा होता. नवं घर होईपर्यंत आई आणि दादा-वहिनी भाड्याच्या जागेत, आणि त्या जागेला माळाच नाही. मी सुट्टी काढून बंगलोरहून गेले. माळ्यावरून सगळं उतरवलं, मोजलं. एकशे त्रेचाळीस भांडी. दादा म्हणाला, निम्मी मोडीत देऊ. त्याचं चूक नव्हतं. चार माणसांच्या घरात पंचवीस माणसांच्या आमटीचं पातेलं कुठे ठेवायचं? मोडवाला आला, त्याने तराजू काढला आणि एक डबा उलटा करून विचारलं, "नावं आहेत तेवढी बाजूला काढू का?" त्याला म्हणे सवय आहे. लोक आधी हो म्हणतात आणि तासाभराने नावाचं भांडं मागायला येतात.

आई तोपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "नावं आहेत ना? मग ज्याच्या त्याच्या घरी जाऊ देत."

तिचा नियम साधा होता. ज्याने भांडं दिलं, त्याच्या घरी ते परत पाठवायचं. तो माणूस नसेल तर त्याच्या मुलांकडे. आत्याने दिलेलं पातेलं आत्याच्या नातीकडे, नुकताच तिने पुण्यात संसार मांडला आहे. मामाची परात मामेभावाकडे नाशिकला. आठवडाभर आम्ही फोन करत होतो, रिक्षातून पिशव्या पोचवत होतो. कोणी नको म्हणालं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. मामेभावाने परातीचा फोटो पाठवला, मागचं नाव दिसेल असा, उपडी ठेवून.

राहिला पेढेघाटी डबा.

काकांशी आमचं बोलणं २००६ पासून बंद होतं. आजी गेल्यावर गोखलेनगरच्या घरावरून जे झालं, ते तुमच्यातल्या नातेवाइकांना माहीत आहे, इतरांनी आपापल्या घरातलं आठवून घ्यावं. २०१९ साली बाबा गेले तेव्हा काका आले, दारात पाच मिनिटं उभे राहिले आणि गेले. डबा 'आईस' होता. ती नाही, म्हणजे नियमाने तो काकांचाच. दादा म्हणाला, राहू दे, कशाला उगाच. आईने चिंच लावून डबा लख्ख घासला, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून आत रव्याचे लाडू भरले. दादाच्या मुलाने तो नेऊन दिला. काकूंनी घेतला, पाणी विचारलं, बस्स.

तीन दिवसांनी आईच्या फोनवर काकांचा फोन. "वहिनी, ह्याचं झाकण आई एका बाजूला जरा दाबून लावायची. तुम्ही तसंच लावता का?" आई म्हणाली, "हो, डावीकडे दाबायचं." आणखी दोन मिनिटं ती दोघं त्या झाकणाबद्दलच बोलली. घराचा विषय निघाला नाही, बाबांचाही नाही. पण गणपतीला काका दर्शनाला आले, त्या भाड्याच्या जागेत. जेवून गेले.

वस्तूंत जीव अडकवू नये, असं आपण वाचतो, म्हणतो. मलाही ते पटतं. पण पुरात सगळं गेलेली आमची आजी वस्तूंना कवटाळून बसणारी नव्हती. जे वाहून गेलं त्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. भांडी जाणारच, हे तिला ठाऊक होतं. गेलेलं भांडं परत कुठे यावं, एवढंच ती लिहून ठेवत होती.

हंडा आईकडेच आहे. भाड्याच्या जागेत दाराशी ठेवलाय, सध्या त्यात छत्र्या असतात. नवं घर झालं की बघू.

आता नातेवाईक मंडळींसाठी. एका वाटीचा पत्ता अजून लागलेला नाही. स्टीलची, थोडी खोलगट, काठाला बारीक पोचा. मागे लिहिलंय 'मावशीकडून, १२-५-६९'. कुणाची मावशी, कुणाला, काही नाही. आई म्हणते आमच्याकडची नव्हेच, कुठल्यातरी पंगतीतून आली असणार. ओळख पटली तर आईला फोन करा. वाटी घासून ठेवली आहे.