काटा मध्ये आण, मग किक मार

जुन्या बुलेटच्या ‘प्लगला करंट येत नाही’ या आजारावर बहुतेक गॅरेजांत एकच औषध मिळतं. कॉइल बदला, कंडेन्सर बदला, पॉइंट बदला. तिन्ही बदलून गाडी चालू झालीच, तर बिघडलं काय होतं ते कुणालाच कळत नाही. आमच्या धंद्यात याला ‘सर्व्हर रीस्टार्ट करून बघ’ म्हणतात :)

काकांची बुलेट १९९४ ची, कास्ट आयर्न इंजिनवाली. दोन मेकॅनिकांनी वरचंच औषध सांगितलं. तिसरा म्हणाला, “काका, विकून टाका, मीच घेतो.” काका सत्तरीचे, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे ते जवळजवळ तयार झाले होते. मी म्हटलं, मला एक शनिवार द्या.

आता ही सिस्टिम मुळात आहे कशी? चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी ती बसवली. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो आणि तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. तीच प्लगची ठिणगी. कंडेन्सरचं काम एवढंच, की पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून ते जळू नयेत आणि करंट झटकन तुटावा. पॉइंटमधली फट साधारण ०.३५ ते ०.४० मिमी. म्हणजे सगळा खेळ एका स्विचचा!

आणि जुन्या बुलेटवर या स्विचचा लॉग चक्क डोळ्यांसमोर असतो. हेडलाइटच्या वरचा अँपिअर मीटर. चावी फिरवून किक हळूहळू दाबत जायची. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मध्ये येतो. यावरून तीन शक्यता निघतात:

काटा हललाच नाही, तर करंट पॉइंटपर्यंत पोचतच नाहीये. फ्यूज, चावीचा स्विच, वायर बघा.
काटा मागेपुढे होतोय पण ठिणगी नाही, तर कंडेन्सर, कॉइल, प्लगची वायर किंवा खुद्द प्लग.
काटा मायनसलाच अडकलाय, तर पॉइंट उघडूनही करंट कुठूनतरी बॉडीला उतरतोय.

आमचा काटा अडकलेला होता. म्हणजे प्लग आणि त्याची वायर पहिल्या मिनिटातच संशयातून बाद. मग पॉइंटच्या मध्ये जाड कागद सरकवला, काटा तिथेच. कंडेन्सरची वायर सोडवली, तरी तिथेच. कॉइलकडून आलेली वायर पॉइंटच्या प्लेटवरून काढली... आणि काटा मध्ये! म्हणजे वायर चांगली, दोष प्लेटवरच. स्क्रू खोलला तर पॉइंटच्या स्प्रिंगखालचा फायबरचा वॉशर तडकून दोन तुकडे झालेला. नखाएवढा. स्प्रिंग थेट बॉडीला टेकत होती, त्यामुळे पॉइंट उघडले काय आणि मिटले काय, सारखंच.

नाना पेठेत वॉशर मिळाला. बसवला, फीलर गेजने फट जुळवली, प्लग काढून हेडला टेकवून किक मारली. निळी ठिणगी. (हे करताना पेट्रोलचा नळ बंद ठेवा आणि प्लगच्या भोकापासून लांब टेकवा.)

काका शेजारी स्टूल टाकून बसले होते. म्हणाले, “अरे, काटा मायनसला चिकटलाय हे मी त्या तिघांनाही सांगितलं होतं.”

मी थांबलोच. लहानपणापासून त्यांचं ऐकतोय, ‘काटा मध्ये आण, मग किक मार.’ आम्हा भावंडांना तो मंत्र वाटायचा, नारळ फोडण्यासारखा. प्रत्यक्षात ते पॉइंट उघडल्याची खात्री करून घेत होते, रोज सकाळी, तीस वर्षं. युजरने बग अचूक रिपोर्ट केला होता, वाचला कुणीच नव्हता. सोमवारी ऑफिसात गेल्यावर ‘नॉट रिप्रोड्युसिबल’ म्हणून बंद केलेली दोन तिकिटं मी परत उघडली.

बाकी, गाडी तिसऱ्या किकला चालू झाली. विकायचं काय, असं विचारलं तर काका म्हणाले, “दिवाळीनंतर बघू.” कुठली दिवाळी ते मी विचारलं नाही.