आजोबांचं युद्ध कोण लिहिणार?

व्हिएतनाममध्ये १९७१ साली जन्मलेला व्हिएत थान्ह न्गुयेन १९७५ मध्ये आईवडिलांसोबत निर्वासित म्हणून अमेरिकेत गेला. पुढे त्याच्या 'द सिम्पथायझर' कादंबरीला २०१६ चं पुलित्झर मिळालं. हॉलिवूडने युद्धाची गोष्ट अमेरिकन सैनिकाची केली होती. याने ती परागंदा झालेल्यांची केली.

हे वाचताना प्रश्न पडला, आपली गोष्ट कोणाच्या हातात आहे? मावळ म्हटलं की शिवरायांचे मावळे आणि १७७९ ची वडगावची लढाई आठवते. पण इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली, पहिल्या महायुद्धात गरजेपुरती १११ महार पलटण उभारली आणि युद्धानंतर मोडली, हे किती घरांत सांगितलं जातं? बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

माझे आजोबा देहूरोडच्या लष्करी डेपोत मजूर होते. "पोटासाठी गाव सोडलं," एवढंच ते सांगत. आजीने खरं सांगितलं: त्यांनी मेलेली ढोरं ओढायला नकार दिला, म्हणून गावाने जगू दिलं नाही. सरकारदरबारी याला स्थलांतर म्हणतात. मी हकालपट्टी म्हणतो.

२५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. गाव तुटलेल्या माणसांना तिथे नवं गाव मिळालं.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा, गाव का सोडलं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आपण लिहिलं नाही, तर "पोटासाठी" हाच इतिहास ठरेल.

जयभीम!