वाटेवरचें घर

आमच्या लहानपणीं परगांवीं गेलेल्या माणसानें पोंचल्याबरोबर कार्ड टाकावें, असा घरोघर दंडक असे. कार्डावर मजकूर तो कितीसा? ‘सुखरूप पोंचलों. काळजी नसावी. वडिलांस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद.’ एवढ्या तीन वाक्यांची घरीं चार-चार दिवस वाट पाहिली जाई. कार्ड आलें म्हणजे तें आधीं आजीला वाचून दाखवावयाचें, मग वडील स्वतः पुन्हा वाचीत, आणि शेवटीं तें खुंटीजवळच्या तारेंत ओंवलें जाई. प्रवासांत काय पाहिलें, काय खाल्लें, कोण भेटलें, हें सारें परत आल्यावर ओसरीवर बसून सांगावयाचें. त्याहून मागें गेलें तर बोलावयासच नको. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे गेले व ऐन बंडाच्या धामधुमींत सांपडले. त्यांनीं आपला प्रवास लिहून काढला तो पंचवीसएक वर्षांनीं, आणि छापून निघाला तो १९०७ सालीं. ते परत येईपर्यंत घरच्यांनीं कोणकोणत्या कल्पना करीत रात्री काढल्या असतील, तें त्यांचें त्यांनाच ठाऊक.

आतां सगळेंच उलटें झालें आहे. आमच्या कुटुंबाचीं बिऱ्हाडें यवतमाळ, वर्धा, नागपूर, पुणें आणि अमेरिका अशीं विखुरलेलीं. वडिलांच्या पश्चात् एक चूल मोडली ती मोडलीच. परंतु २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें, आणि त्याच दिवाळींत एका भाच्यानें व्हॉट्सॲपवर ‘आपलीं माणसें’ या नांवाचा ग्रुप काढला. तेव्हांपासून हें कुटुंब पुन्हा एका ओसरीवर येऊन बसलें आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुण्याच्या सुनेचे मोदक फुटले तरी तें सर्वांना दिसतें, आणि अमेरिकेंतील नातवाचा पहिला दांत पडला तो मीं त्याच दिवशीं पाहिला. माझ्या वयाचे कित्येक गृहस्थ या गोष्टींची थट्टा करतात. मी करीत नाहीं. नातवाचा दांत कार्डांतून आला नसता.

पुढें २०१७ सालापासून, आपण या क्षणीं कोठें आहों हें नकाशावर दाखवीत राहण्याचीहि सोय झाली. चिरंजीव मोटार चालूं करण्यापूर्वीं ती कळ दाबतात, आणि मग आमचा निळा ठिपका सर्व नातलगांच्या डोळ्यांसमोर सरकत राहतो. मला अशा वेळीं टिपेश्वरच्या वाघाची आठवण होते. आमच्या जिल्ह्यांतील त्या अभयारण्यांतून २०१९ सालीं एक तरुण वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यांत पट्टा होता व त्यामुळें त्याचा मार्ग दुरून समजत असे. तो हिंडत हिंडत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत जाऊन पोंचला. त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरांवर भरली म्हणतात. तो कोठें आहे हें कळत होतें, परंतु या वाटेनें कां गेला, अमुक रानांत कां थांबला नाहीं, हें त्या पट्ट्यानें थोडेंच सांगितलें असेल!

२०२३ च्या जूनअखेरची गोष्ट सांगतों. चिरंजीव सहकुटुंब अमेरिकेहून आले होते. ते म्हणाले, “बाबा, तुम्ही जन्मभर ज्या रामटेकविषयीं सांगत आलां तें मुलांना दाखवूं या.” मला यापरतें काय हवें होतें? मी इंग्रजी शिकलों तो मॅट्रिकपुरता. माझें खरें शिक्षण संस्कृत पाठशाळेंतलें, आणि तेथें मेघदूत प्रथम हातीं पडलें तें आजतागायत सुटलें नाहीं. त्यांतील रामगिरि म्हणजे आपलें रामटेकच, असें नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं साधार प्रतिपादिलें आहे. छत्तीसगडांतील रामगडाकडे बोट दाखविणारेहि पंडित आहेत. मी विदर्भाचा असल्यामुळें या वादांत निःपक्षपाती नाहीं.

सकाळीं सातला निघालों. मी, आमचें कुटुंब, चिरंजीव, सूनबाई व दोन नातवंडें. कळंबला चिंतामणीचें दर्शन घेतलें, फोटो गेला. देवळीला चहा घेतला, फोटो गेला. दहाच्या सुमारास सेवाग्रामला उतरलों. गांधीजी १९३६ सालीं येथें राहावयास आले तेव्हां या गांवाला शेगांव म्हणत. बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवाशीं घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊं लागलें, म्हणून १९४० सालीं सेवाग्राम हें नांव दिलें गेलें. ही कथा मीं नातवाला मोठ्या हौसेनें सांगितली. सगळें ऐकून घेऊन त्यानें विचारलें, “आजोबा, टपाल म्हणजे काय?” त्या प्रश्नावर सगळे हंसले. बापूकुटीच्या आवारांत, झाडाखालीं, सहाही जणांचा एक फोटो काढला व तोहि गेला. तेथें आमचा पाऊण तास मोडला.

आतां सांगावयाची गोष्ट ही कीं, वर्ध्याला माझे ज्येष्ठ बंधु राहतात. सेवाग्रामपासून त्यांचें घर आठ-नऊ किलोमीटरांवर असेल. आम्ही त्यांना दादा म्हणतों. ते माझ्याहून दहा वर्षांनीं मोठे. वडिलांच्या तुटपुंज्या मिळकतींत दोघांचें शिक्षण होईना, तेव्हां दादांनीं कारकुनी धरली आणि माझ्या पाठशाळेंतील जेवणाखाण्याचे पैसे दरमहा तेथून येऊं लागले. सुटींत मी त्यांच्याकडे जाई, तेव्हां संध्याकाळीं कचेरींतून आल्यावर पोथी हातांत धरून ते माझा पाठ घेत. स्वतः संस्कृत शिकलेले नसतांना त्यांना निम्मेंशिम्में मेघदूत अशा रीतीनें पाठ झालें होतें.

सूनबाईंनीं मोटारींत बसतांना विचारलें, “मोठ्या काकांकडे जाऊन यावयाचें का?” उत्तर मींच दिलें. मी म्हणालों, “परततांना जाऊं. आतां गेलों तर वहिनी जेवल्यावांचून सोडावयाच्या नाहींत, आणि रामटेकला उन्हें उतरतील.” आम्ही नागपूरचा रस्ता धरला. साडेबाराला झीरो माइलच्या खांबाशीं मुलांचा फोटो काढला, जेवलों, आणि तीन वाजतां रामटेकच्या गडावर होतों. उन्हें उतरावयास चांगले तीन-चार तास होते.

गडावर ढग होते, पाऊस मात्र नव्हता. अशा जागीं माझ्यासारख्या माणसानें गप्प बसावें हें शक्य नव्हतें. नातवंडांना समोर बसवून मीं यक्षाची कथा सांगितली: त्याला झालेली वर्षाची शिक्षा, दूर अलकेंत राहिलेली पत्नी, आणि तिला निरोप पोंचवावा म्हणून त्यानें मेघाला समजावून दिलेली वाट. विशेषतः उज्जयिनीचा भाग मीं रंगवून सांगितला. मेघाला उत्तरेस जावयाचें असतें, उज्जयिनी त्याच्या सरळ वाटेवर पडत नाहीं, तरी यक्ष त्याला सांगतो कीं वाट वांकडी झाली तरी होऊं दे, पण तें नगर पाहिल्यावांचून पुढें जाऊं नकोस. यक्षाला घाई कोणापेक्षां कमी होती काय, असा प्रश्नहि मीं आवाज चढवून विचारला. चिरंजिवांनीं हें सारें व्याख्यान चित्रित करून तेथूनच ग्रुपवर पाठविलें. रात्रीपर्यंत सर्वांच्या शाबासक्या आल्या. दादांचे नुसते जोडलेले हात आले.

दुसऱ्या दिवशीं नागपुरांत दोन घरीं जाणें झालें, निघावयास उशीर झाला. वर्धा आलें तेव्हां रात्रीचे नऊ वाजून गेले होते, मुलें झोंपलीं होतीं. नवा रस्ता गांवांत शिरत नाहीं. बाहेरून दिवे दिसले आणि मागें पडले.

आठएक दिवसांनीं चिरंजीव परत गेले. नंतर वर्ध्यालाच दिलेल्या आमच्या पुतणीचा कांहीं कामानिमित्त फोन आला. बोलतां बोलतां ती सहज म्हणाली, “काका, त्या दिवशीं आईनें तुमच्यासाठीं भात टाकला होता.” पुढची हकीकत मीं तिच्याकडून खोदखोदून काढली. देवळीचा फोटो पाहतांच वहिनींनीं आठ माणसांची डाळ शिजत लावली. दादा स्नान करून, धुतलेली बंडी घालून पडवींत बसले. बापूकुटीचा फोटो आला तेव्हां ते म्हणाले, “आलेच.” मग ते फाटकापर्यंत गेले. गुडघे दुखतात म्हणून एरवीं ते तेवढेंहि उतरत नाहींत. साडेबाराला झीरो माइलचा फोटो आला. तो त्यांनीं वहिनींना दाखविला, आणि दोघांचीं पानें घ्यावयास सांगितलें.

पुतणीनें फोन ठेवल्यावर मी पुष्कळ वेळ तसाच बसलों. माझी समजूत अशी कीं, ग्रुपवर सर्वांना कळविलें त्यांत दादांनाहि कळविलें. दादांची समजूत अशी कीं, हे मला कळवीत आहेत. कार्डाच्या काळीं हा घोटाळा झाला नसता. ‘येत आहों’ किंवा ‘या खेपेस येणें होत नाहीं’ यांपैकीं एक कांहीं लिहावें लागलें असतें, आणि दुसरें वाक्य लिहावयास माझा हात धजला नसता. फोटो पाठवितांना हात अडखळत नाहीं, कारण त्यावर कोणाचाच पत्ता नसतो.

आमच्या शकुंतला गाडीचीहि तेव्हां आठवण झाली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ती अरुंद रुळांची गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचें इंजिन असे, आतां ती बंद आहे. तिच्यांतून आम्ही जात असूं तेव्हां दारव्ह्याला मावशी फलाटावर उभी असावयाचीच. कोणाकडून तरी तिला आधीं निरोप गेलेला असे. गाडी थांबे तेवढ्या वेळांत पितळी डबा खिडकींतून आंत येई आणि मावशीचा हात मुलांच्या तोंडांवरून फिरे. नातलगाच्या गांवावरून त्याला न भेटतां जाणें त्या गाडीनें जमतच नसे. तिचा वेगच तसा होता.

मी दुसऱ्या दिवशींच एस. टी. नें वर्ध्याला गेलों. कोणालाहि, ग्रुपवर देखील, सांगितलें नाहीं. दार दादांनींच उघडलें. माझ्या मागें रस्त्यावर पाहून म्हणाले, “एकटाच? मोटार कोठें आहे?”

“मोटारवाले गेले परत,” मी म्हणालों. “दादा, त्या दिवशीं…”

“हातपाय धुऊन घे. वहिनी पान वाढते आहे.”

जेवतांना मीं पुन्हा दोनदां विषय काढण्याचा प्रयत्न केला. एकदां वहिनींनीं वरण वाढलें, आणि एकदां दादांनीं यवतमाळच्या पावसाची चौकशी केली. जेवण झाल्यावर मात्र ते चष्मा लावून, फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. सत्तरी उलटल्यावर, मोतीबिंदूचें शस्त्रक्रियेनंतर, त्यांनीं तो फोन शिकून घेतला आहे. आमच्या त्या प्रवासाचे सारे फोटो त्यांत क्रमानें ठेवलेले होते. त्यांनीं माझें रामटेकचें व्याख्यान लावलें. मान खालीं घालून मला माझाच आवाज ऐकावा लागला. उज्जयिनी आली, तेथें त्यांनीं तें थांबविलें.

“येथें चुकलास,” दादा म्हणाले. “रेवा ओलांडल्यावर तूं मेघाला एकदम उज्जयिनीला नेलेंस. मध्यें विदिशा राहिली.”

चूक खरी होती. मेघ आधीं दशार्ण देशांत विदिशेला जातो. पोथी हातांत धरून माझा पाठ घेतांनाहि दादा याच सुरांत बोलत, त्यामुळें त्यांना तेवढेंच म्हणावयाचें होतें कीं आणखी कांहीं, हें त्यांच्या मुद्रेवरून मला ओळखतां आलें नाहीं. वहिनी आंत भांडीं आवरीत होत्या. त्या आवाज थांबवून ऐकत असाव्यात.

“विदिशा राहिलीच, दादा,” मी म्हणालों.

“मुलांना पुन्हा नीट सांग,” एवढें बोलून त्यांनीं फोन बाजूला ठेवला.

संध्याकाळच्या गाडीनें निघालों. वहिनींनीं डबा दिला. दादा या खेपेस फाटकापर्यंत आले व म्हणाले, “पोंचल्यावर कळव.” देवळीपुढें गाडीचें चाक पंक्चर झालें, त्यामुळें यवतमाळला पोंचावयास साडेनऊ झाले. बसस्थानकावर उतरतांच, ग्रुपवर नव्हे, त्यांच्या एकट्याच्या नंबरावर मीं लिहिलें, ‘सुखरूप पोंचलों. काळजी नसावी. आपणां उभयतांस साष्टांग नमस्कार.’

उत्तर तत्काळ आलें. या वेळीं नुसते जोडलेले हात नव्हते. दादांनीं लिहिलें होतें, ‘दीड तास उशीर. देवळीला चहाला थांबलास कीं काय?’