उलाळ गाडी आणि वाळूचे डोंगर

जूनच्या पहिल्या आठवड्यात सासू-सासऱ्यांना घेऊन ग्रेट सँड ड्यून्सला जायचं ठरलं आणि घरात वाद पेटला, तोही ट्रकच्या नाकावरून!

झालं होतं असं. गेल्या वर्षी आम्ही सेकंडहँड फोर्ड एफ-१५० घेतली आणि मागे जोडायला एक छोटा कॅम्पिंगचा ट्रेलर. पिकअप रिकामा उभा असला की मागून उंच आणि पुढून झुकलेला दिसतो. नवऱ्याला ते रूप मुळीच पसंत नव्हतं. शेजाऱ्यांच्या गाड्या कशा ऐटीत सरळ उभ्या! एका शनिवारी त्याने पुढच्या दोन्ही स्प्रिंगांच्या डोक्यावर दोन इंची स्पेसर बसवून घेतले, चाकांचं अलाइनमेंट करून आणलं, आणि गाडी अगदी समपातळीत आली. फोटो लगेच साताऱ्याला गेले.

एप्रिलमध्ये ट्रेलर जोडून केनोशा खिंडीपर्यंत चक्कर मारली. ही खिंड १०,००० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. परतताना अंधार पडला. समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला दिवे मारत होता. आमचे दिवे तर खालीच होते! नवरा म्हणाला, "स्टिअरिंग आज हलकं लागतंय." मागच्या सीटवर लेक झोपली होती. मी घरी पोचेपर्यंत काही बोलले नाही.

मे महिन्यात आई-अण्णा आले. ट्रेलर जोडून ठेवला होता. अण्णा हात पाठीशी बांधून गाडीभोवती फिरले आणि मला म्हणाले, "सूनबाई, ही गाडी उलाळ झालीया."

हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. अण्णांचं बालपण माण तालुक्यातलं, कडब्याच्या आणि ज्वारीच्या गाड्या भरण्यातलं. बैलगाडीत मागे जास्त वजन पडलं की पुढे जू वर उचललं जातं. ती उलाळ गाडी. "बैलाच्या मानेवर भार नसंल, तर उतारावर गाडी धरणार कोण?"

"अण्णा, ही बैलगाडी नाही," नवरा हसून म्हणाला.

मी लग्नाआधी कराडजवळच्या शाळेत भूगोल शिकवायचे. वाद मिटवायची माझी रीत एकच, मोजून बघायचं. शिवणाची टेप घेऊन चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासून उंची मोजली, आधी ट्रेलर सोडून, मग जोडून. जोडल्यावर मागचा भाग अडीच इंच खाली आणि पुढचा इंचभर वर! रिकामी असताना सरळ दिसणारी गाडी ओझ्याखाली आकाशाकडे बघत होती. म्हणून दिवे समोरच्यांच्या डोळ्यांत, म्हणून स्टिअरिंग हलकं. कारखान्याने मागचा भाग उंच ठेवला होता तो याचसाठी. ओझं पडलं की तो खाली बसतो आणि गाडी तेव्हा सरळ होते.

मग उपायांची यादी केली. मागच्या कमानपाट्यांत एक जादा पाटा घालता येतो. पण तो कायमचा, रिकामी गाडी दणके देणार. अण्णांच्या कंबरेचा विचार करून तो बाद. मागे हवेच्या पिशव्या बसवता येतात, हवा कमी-जास्त करून उंची साधते. पण त्या नुसती पाठ उचलतात, पुढच्या चाकांवरून गेलेला भार परत आणत नाहीत. तिसरा उपाय म्हणजे भार वाटून देणारा हिच. त्याच्या लांब स्प्रिंगदार दांड्या ट्रेलरच्या जिभेचं थोडं वजन पुढच्या चाकांकडे ढकलतात. अण्णांच्या भाषेत, बैलाच्या मानेवर जू परत टेकवतात.

यांतल्या कशानेही गाडीची भार वाहण्याची मर्यादा वाढत नाही. ती ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर लिहिलेली असते. आमची १,५०० पौंड. पाच माणसं ७००, सामान २००, ट्रेलरची जीभ ५००. एकूण १,४००. बसलो एकदाचे! आईंनी आणलेला पापड-कुरडयांचा डबा मात्र घरीच राहिला.

नवरा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच स्पेसर काढून आणले. अलाइनमेंटचे पैसे पुन्हा गेले. त्यावर मी चकार शब्द काढला नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

२८५ नंबरच्या रस्त्याने निघालो. केनोशा ओलांडली, साउथ पार्कचं विस्तीर्ण गवताळ पठार, मग पोंचा खिंड आणि खाली सॅन लुईस खोरं. उतारावर अण्णांचा हात दाराच्या मुठीवर होता. निम्म्या उतारावर तो सुटला आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

सांग्रे दे क्रिस्तो पर्वताच्या पायथ्याशी वाळूचे डोंगर दिसले, तेव्हा आईंना ते खरेच वाटेनात. उत्तर अमेरिकेतले हे सर्वांत उंच वाळूचे ढीग, सुमारे ७५० फुटांचे. नैऋत्येचा वारा खोऱ्यातली वाळू डोंगराकडे ढकलतो, वादळात खिंडींतून उलटा येणारा वारा तिला मागे रेटतो, म्हणून ती पसरत न जाता उंच उंच चढते. मी हे सांगत होते आणि लेक म्हणाली, "आई, शाळा सुरू झाली का?"

भर दुपारी उन्हाळ्यात ही वाळू १५० अंश फॅरनहाइटपर्यंत तापते. म्हणून आम्ही सकाळीच गेलो. मेडानो ओढ्याला पाणी होतं. तळाशी वाळूचे छोटे बांध तयार होतात, फुटतात आणि पाणी लाटेलाटेनं येतं. आई साडी उचलून त्यात उभ्या राहिल्या, समुद्रावर उभ्या असल्यासारख्या.

परतल्यावर अण्णांनी एकदा गाडीभोवती फेरी मारली. नवऱ्याला म्हणाले, "आता बरी बसलीया." नवऱ्याने मान खाली घातली, पण हसत होता.

आता आमचा ट्रक दारात पुन्हा नाक खाली करून उभा असतो. दिवाळीच्या कार्यक्रमाला मंडळाच्या खुर्च्या त्यातूनच येणार आहेत. खुर्च्या भरल्या की बघा, कसा सरळ होतो!